कांदळवाडीची बंद घरं

सोनाळा, २२ नोव्हेंबर

ती. आशाकाकी,

तुमचं कार्ड पोचलं. पोस्टमननं ते आधी आमच्या बाबांच्या हातात दिलं. एकच ओळ, तीही ठळक अक्षरात, त्यामुळं लपवायला काही उरलंच नाही. "झिला, माझी सही कित्याक घेतलंस?" बाबांनी ती दोनदा वाचली. "हे झिला कोन होय बे?" मी म्हटलं, तिकडं मुलाला असं म्हणतात, आणि कित्याक म्हणजे कशाला. "अन् सही कायची?" मी म्हटलं, सर्व्हेची. तेवढ्यात म्हैस सुटली आणि ते तिच्यामागं गेले. बरं झालं.

तर सहीचं असं आहे काकी, तो नियम असतो. आम्ही सर्व्हेवाले किनाऱ्यावरच्या एकेका वाडीत जातो, घरं मोजतो, माणसं मोजतो, कोण काय धंदा करतं ते फॉर्मवर लिहितो आणि शेवटी वाडीतल्या एका माणसाची साक्षीदार म्हणून सही घेतो. २६ ऑक्टोबरला कांदळवाडीत तुम्ही समोर होता, तुमची घेतली. त्यात विशेष काही नाही. मनाला लावून घेऊ नका.

आंबे पाठवीन म्हणून तुम्ही माझा पत्ता लिहून घेतला होता, त्याच पत्त्यावर हे कार्ड आलं याची मात्र गंमत वाटली. गंमत म्हणजे तशी नाही. असो.

तुम्ही विचारलं होतं, तुमच्या गावातून दर्या किती लांब. तेव्हा मी नुसता हसलो होतो. आता सांगतो. आमच्या घराच्या गच्चीवर चढलं की उत्तरेला सातपुडा दिसतो, डोंगराच्या पलीकडं मध्य प्रदेश. या बाजूला संत्र्याच्या बागा, कापूस, तूर. समुद्र बघायचा तर शेगावला जाऊन गाडीत बसायचं आणि एक अख्खी रात्र काढायची. पण खारं पाणी आमच्याकडंही आहे. तालुक्याच्या खालच्या अंगाला खारपाणपट्टा आहे, तिथल्या विहिरीचं पाणी पाहुण्याच्या तोंडात धरवत नाही. लहानपणी मला वाटायचं खाली समुद्र बुजवून ठेवलाय. एकदा मी आणि शेजारचा शालिग्राम त्यासाठी खड्डा खणायला बसलो होतो, दोन हात खणला, मग त्याच्या आजीनं बाजरीची भाकर दिली आणि राहिलंच ते.

माझी भाषा ऐकून तुम्ही तिघी मायलेकी हसायच्या म्हणून हे पत्र शाळेतल्यासारखं लिहिलंय. कुठं घसरलो तर समजून घ्या.

सासूबाईंना नमस्कार. त्यांची तब्येत कशी आहे?

तुमचा,
प्रेम


खामगाव, २७ नोव्हेंबर

आशाकाकी,

गाव बदललं. घरी बाबा कार्डाचं विचारत राहिले म्हणून मी खामगावला निघून आलो, एका जिनिंगमध्ये. इथं कापसातून सरकी वेगळी काढतात. दिवसभर हवेत इतके तंतू उडतात की संध्याकाळी भुवया पांढऱ्या होतात. आरशात मी बाबांसारखा दिसतो, ते एक वेगळंच संकट.

काल इथं भिकाजीकाकांचा फोन आला. तुमच्या वाडीतून पलीकडच्या बाजाराला तरीची होडी चालवणारे भिकाजीकाका, त्यांच्याकडं माझा नंबर असेल असं मला वाटलं नव्हतं.

"प्रेम मां तू? तर बंद जातली. एक जानेवारीपासून."

"बंद? काऊन?" घाईत माझ्या तोंडून आमचंच निघालं.

"कागदार तूच लिवलंस मां, सोळा घरां. सोळा घरांसाठी सरकार होडी कशी ठेवतला?"

मग ते तुमच्याबद्दल बोलले. सर्व्हेच्या कार्यालयातल्या माणसानं फॉर्म वाडीत आणून दाखवला, खाली तुमची सही. आता बायका तुमच्याशी बोलत नाहीत. खाडीच्या चिखलात तिसऱ्यांचे शिंपले काढायला सगळ्या एका रांगेत उतरतात आणि तुम्ही लांब, कांदळाच्या झाडीच्या टोकाला, एकट्या. "ती काय बोलणा नाय," म्हणाले, "पण तुका बरां दिसता काय ह्यां?"

मला बरं दिसत नाही काकी. पण झालं कसं ते ऐका.

मी सकाळी साडेआठच्या तरीनं उतरलो. वाडी उन्हात चांगली दिसत होती, अंगणं सारवलेली, तुळशीला पाणी घातलेलं आणि माणूस नाही. एकसष्ट घरांपैकी पंचेचाळीस बंद. हाका मारल्या, कड्या वाजवल्या, कोणी ओ दिली नाही. आमच्या भागात घर बंद म्हणजे घर गेलेलं. माणसं पुण्याला जातात, सुरतेला जातात, दाराला कुलूप लागतं आणि मग त्या कुलपावर गंज. मला वाटलं तुमचीही मुंबईला गेली. कोकणातली मुंबईला जातात हे तर सगळ्यांना माहीत आहे. मी लिहिलं: बंद. बंद. बंद. सोळा घरांत अडतीस माणसं, सगळी म्हातारी. उद्योग या रकान्यात लिहिलं: नाही.

बारा वाजता तुम्ही सगळ्या खाडीतून वर आल्या. ढोपरापर्यंत चिखल, डोक्यावर टोपल्या, मागं पोरं, रविवार होता ना. मी वडाखाली बसलो होतो. तुम्ही मला विचारलं, "कोण रे तू? जेवलंस?" या क्रमानं. मी आजवर इतक्या गावांत हिंडलो, पहिला प्रश्न आणि दुसरा प्रश्न यांच्या मधे कुणी इतका कमी वेळ घेतलेला नाही.

मला ओहोटी माहीत नव्हती काकी. म्हणजे शब्द माहीत होता. पण अख्खं गाव ओहोटीबरोबर घराबाहेर जातं आणि भरतीबरोबर परत येतं हे कुणी सांगितलं नव्हतं. आम्ही घड्याळावर कामाला जाणारी माणसं. ही चूक अजाणता झाली असं समजा.

आज सप्तमी. सात पाऊणे सव्वापाच. तुम्ही शिकवलेलं विसरलो नाही. तिथीला पाऊणनं गुणायचं, येईल तेवढ्या वाजता पाणी भरलेलं. म्हणजे सुकती, पूर्ण ओहोटी, साडेअकराला. मी तेव्हा इथं कापसाच्या ढिगावर उभा असतो आणि मनात म्हणतो, आता उतरल्या असतील.

प्रेम


बीबी, ३ डिसेंबर

आशाकाकी,

जिनिंग सोडलं. माझ्या बहिणीकडं, पुष्पांजलीकडं आलोय, बीबीला. तिनं पाहिल्या पाहिल्या विचारलं, "पुन्हा काही करून आला का?" बहिणीला हे कसं कळतं देव जाणे.

इथून लोणार जवळ. काल सरोवरावर जाऊन बसलो. ते पाणीही खारं. एका दगडावर खूण केली आणि दोन तास बघत राहिलो, पाणी जागचं हललं नाही. शेजारी एक सहल आली होती, मास्तर पोरांना उल्का सांगत होते आणि पोरं माकडाला बिस्किटं देत होती. एका माकडानं पूर्ण पुडाच नेला. मास्तर म्हणाले, "बघा, निरीक्षण करा." हे मी कशाला सांगतोय? कारण मागच्या पत्रात मी खोटं लिहिलं आणि ते सांगायचं टाळतोय.

ही चूक अजाणता झाली असं मी लिहिलं होतं. बारा वाजेपर्यंत ती अजाणता होती. त्यानंतर नाही.

तुम्ही मला घरी नेलं, तिसऱ्यांचं सुकं आणि भात वाढलात. नाव विचारलंत आणि "प्रेम? आवशीन नाव ठेवल्यान की गाऱ्हाणा घातल्यान?" म्हणून हसलात. मी सांगितलं की घरं बंद होती. तुम्ही नारळ खवता खवता थांबलात. "बंद? रे, आम्ही खाडयेत होतव." मग तुम्हीच म्हणालात, घे वही, सांगते. आणि तुम्ही खवणीवर बसल्या बसल्या वाडी सांगितलीत. दक्षिणेच्या टोकापासून, एकही घर न चुकवता. मी कच्च्या वहीत लिहून घेतलं.

फॉर्मवर बंद लिहिल्याचं मी पुष्पांजलीला सांगितलं होतं. ती वही परवा तिला माझ्या पिशवीत सापडली. तिनं स्वैपाकघरातून मोठ्यानं वाचायला सुरुवात केली. "घर अकरा, आशाबाई. माणसं चार. स्वतः, सासू, दोन पोरी. धंदा: तिसऱ्या, कालवं, पावसात जाळी विणणं. घर बारा, नवरा ट्रॉलरवर, बायको सुकट घालते. घर तेरा, आमसुलं, काथ्याची दोरी, एक पोरगा पलीकडं बारावीला, रोज तरीनं जातो." असं शेवटच्या घरापर्यंत. एकसष्ट घरं, दोनशे चौदा माणसं. खाडीत उतरणाऱ्या बायकाच सत्त्याऐंशी.

"हे तर सारं हाय," ती बाहेर येऊन म्हणाली. "मंग फारमावर बंद काऊन लिवलं बे तू?"

मग सांगितलं. तीनच्या तरीनं मला निघायचं होतं. पलीकडं आमचे बाकीचे सर्व्हेवाले थांबले होते, चार वाजता डॉल्फिन बघायला होडी ठरवली होती. मी जन्मात डॉल्फिन पाहिला नव्हता. पंचेचाळीस घरांचे फॉर्म नव्यानं भरायचे तर तुमच्याकडं मुक्काम करावा लागला असता. तुम्ही म्हणालाही होता, रव आज, सकाळी जा. मी म्हणालो, नंतर भरतो, वहीत आहेच.

आणि मग सही. तुम्हाला वाटलं आता सांगितलेल्या वाडीखाली सही करताय. मी तुमच्यापुढं सकाळचा कागद ठेवला. चष्मा नव्हता तुमच्याजवळ. "खंय करू?" विचारलंत. मी बोट ठेवलं. तुम्ही हात पदराला दोनदा पुसलात आणि एक एक अक्षर सावकाश काढलंत, आणि वर म्हणालात की रात्रीच्या वर्गात शिकले, पहिल्यांदाच कुठं कामाला आली सही.

संध्याकाळी आमचे नीळकंठसाहेब म्हणाले, "कांदळवाडी एवढीच? तपासलंस ना?" मी म्हणालो, हो.

डॉल्फिन दिसला नाही. एक काळी पाठ दिसली, तीही लाट असेल.

पुष्पांजलीनं सगळं ऐकलं. तिनं वही माझ्या पिशवीत परत ठेवली. रात्री जेवताना ताटात वाढलं पण तिसऱ्यांदा "घे नं" म्हणाली नाही. ती नेहमी म्हणते.

प्रेम


सोनाळा, ८ डिसेंबर

आशाकाकी,

आज चतुर्थी. चार पाऊणे तीन. हे मी नाही, बाबांनी सांगितलं.

घरी आलो तर आई, विमलबाई तिचं नाव, तूर निवडत होती. "आला का फिरस्त्या," एवढंच. बाबा ओट्यावर. किसनराव हे त्यांचं नाव घेतलं की गावात अजून लोकांना त्यांचे पाढे आठवतात, पावकी, निमकी, पाऊणकी, दीडकी. मला यातलं काही आलं नाही, त्याचं त्यांना कायम दुःख. मी कॅलेंडरपाशी उभा राहून बोटं मोजत होतो. बाबा मागून म्हणाले, "चार पाऊणे तीन. कायले पाहिजे तुले पाऊणकी?"

मी सांगितलं की समुद्रावर एक बाई आहे, तिनं शिकवली, त्यावरून भरती कळते. ते इतके खूश झाले काकी! "हे कुठं लिहेल नाही! म्हंजे पंचमीले पावणेचार, अष्टमीले सहा. बराबर. मंग भरलेलं पाणी केव्हा उतरते? सहा तासानं? वा!" आईला हाक मारली, "ऐकलं काय वं, समिंदरसुदिक पाऊणकीवर चालते!" त्यांना मी आयुष्यात पहिल्यांदा काहीतरी नवीन आणून दिलं होतं. तो चेहरा बघितल्यावर मला पुढचं सांगणं भाग होतं. नाहीतर मी तोही आनंद चोरूनच घेतला असता.

सगळं सांगितलं. कार्ड, बंद घरं, वही, सही. बाबा बराच वेळ सुपारी कातरत राहिले.

"वेचणीच्या दिवसांत सकाळी नऊ वाजता आपलं घर कसं असते बे?"

मी कॅलेंडरकडं बघितलं.

"सांग नं."

"बंद."

"मंग आपुन मेलो असतो काय तवा? का सुरतले गेलो असतो?"

आईनं सूप खाली ठेवलं. सकाळी सातला कापसात उतरून दोन वाजता परत येते ती. चाळीस वर्षं. मी तिच्याच घरात वाढलो आणि मला तुमची घरं बंद दिसली.

"त्या माउलीनं जेवू घातलं तुले?" बाबांनी विचारलं.

"हाव."

"अन् तिचीच सही घेतली."

"हाव."

ते ओरडले नाहीत. ओरडले असते तर मी पुन्हा खामगाव गाठलं असतं. आत जाऊन त्यांनी कोरे कागद आणले आणि म्हणाले, "लिव्ह."

मी लिहिलं. की फॉर्म मी खोटे भरले, वाडीचा खरा आकडा मला त्याच दिवशी माहीत होता, सही देणाऱ्या बाईला कागद वाचून दाखवला नव्हता, तिला तो आकडा मान्य नव्हता. बाबांनी वाचलं. "मान्य नव्हता काय लिवतो? ठाऊकच नव्हता. बदल." बदललं. खाली माझी सही केली, तुमच्यासारखी एक एक अक्षर सावकाश काढून.

तो कागद कार्यालयाला पाठवला, मग नीळकंठसाहेबांना फोन. ते आधी हसले. मग म्हणाले, "लेखी देऊ नको. वेड लागलं का? पुन्हा कुठल्याच सर्व्हेत घेणार नाही तुला कुणी." मी म्हणालो, पाठवलंय. रजिस्टर्ड.  शेवटी ते म्हणाले की वीस तारखेच्या आत घरनिहाय फेरमोजणी कार्यालयात पोचली आणि तिच्यावर प्रत्येक घराच्या सह्या असल्या तर तरीचा विषय पुन्हा निघू शकतो. नवा माणूस ते देणार नाहीत. "तुझं तू बघ."

तर मी येतोय. सांगितल्याशिवाय येणार होतो, पण मग ते पहिल्यासारखंच झालं असतं.

बाबांनी विचारलंय, अधिक महिन्यातही पाऊणकी तशीच लागू होते काय. तुम्हाला राग नसेल तर सांगा.

प्रेम


खाडीच्या पलीकडचा धक्का, १३ डिसेंबर

आशाकाकी,

हे पत्र पोस्टात टाकत नाही. संध्याकाळच्या शेवटच्या तरीनं भिकाजीकाकांच्या हाती देतो. मी धक्क्यावर बसलोय. समोर तुमची वाडी दिसते, धूर दिसतो. घर अकरा कुठलं ते इथून ओळखता येतं, लाल पत्रा.

भिकाजीकाका मला बघून म्हणाले, "इलंस?" मग तरीत घेणार नाही म्हणाले. मग म्हणाले, उद्या घेईन. मग भजी दिली. तुमच्याकडच्या माणसांना धड रागावता येत नाही, त्यानं आणखी त्रास होतो.

त्यांनी एक सांगितलं. काल वडाखाली माझ्या कबुलीचा कागद वाचून दाखवला, कार्यालयातून नक्कल आली होती. बायका ऐकून उठून गेल्या. तुम्ही आला नव्हता. आज सुकतीला घर बाराची तुम्हाला हाक मारून गेली, तुम्ही तिला म्हणालात, "तू हो फुडे." आणि तरीही लांबच उतरलात. बरोबर केलंत.

आता शेवटचं. हे मी बाबांनाही सांगितलेलं नाही, कागदावरही नाही. हे फक्त तुमचं आहे.

मी लिहिलं होतं, हाका मारल्या, कड्या वाजवल्या. नाही वाजवल्या. पहिल्या दोन घरी वाजवल्या, मग ऊन वाढलं आणि मी रस्त्यावरूनच बघत गेलो. कडी बाहेरून लावलेली दिसली की बंद. कुलूपसुद्धा नव्हतं कुणाच्या दाराला, हे मला तेव्हाच दिसलं होतं. तुमच्या अंगणात मात्र मी आलो होतो, पायरीपर्यंत, कारण तिथं एक मांजर कालवाच्या शिंपल्याशी खेळत होतं. मी मांजर बघितलं, उभ्या उभ्या 'बंद' लिहिलं आणि गेलो.

दुपारी जेवताना आतल्या खाटेवरून तुमच्या सासूबाई म्हणाल्या होत्या, "सकाळी कोणतरी दारात इल्लो गो. माका पावलां ऐकाक इली. मी हाक मारलंय, पण गेलो." तुम्ही म्हणालात, कुत्रा असेल आये. मी भात कालवत होतो. मान वर केली नाही.

कोंबड्या आत शिरू नयेत म्हणून तुम्ही बाहेरून कडी लावून गेला होता आणि आत एक म्हातारं माणूस मला हाक मारत होतं. ती हाक मी ऐकली होती का? दीड महिना स्वतःला विचारतोय. मांजराचा आवाज समजलो असं म्हणत होतो. आज समोर बसून ते म्हणवत नाही. ऐकली होती, काकी.

उद्या रविवार, दशमी. दहा पाऊणे साडेसात. पाणी भरलेलं असेल, सगळी घरी असतील, म्हणून सातच्या तरीनं येतो. दक्षिणेच्या टोकापासून सुरुवात करीन, तुम्ही सांगितलीत त्याच क्रमानं. प्रत्येक घर आपला कागद आधी वाचील, मग सही करील. ज्यांना येत नाही त्यांना मी वाचून दाखवीन, मोठ्यानं, शेजारी ऐकतील असं. उद्योगाच्या रकान्यात जागा कमी पडते, मागं कोरी पानं जोडून आणलीत.

तुमच्या दारात दहा वाजेपर्यंत पोचेन. तुमची सही मागणार नाही. ती कुठं करायची ते तुम्ही ठरवा. चष्मा मात्र लावा.

दार लावलेलं असेल तर कडी वाजवीन. तुम्ही उघडलं नाहीत तर सासूबाईंना बाहेरून हाक मारीन, मी इल्लंय म्हणून सांगीन. तरीही उघडलं नाहीत तर पायरीवर बसून राहीन, पाणी उतरून तुम्हाला खाडीत जायची वेळ होईपर्यंत. तेव्हा तर दार उघडावं लागेलच.

पण त्या घरापुढं मी 'बंद' लिहिणार नाही.

प्रेम